दसऱ्यानंतरचा पावसाळा

"थंडी पडली का रे तिकडं?"

आईचा हा प्रश्न ठरलेला. कार्तिक लागला की एक दिवस फोन येतोच. ती वाईला, मी सरकार ठेवेल तिथं. गेल्या बावीस-तेवीस वर्षांत या एकाच प्रश्नाची माझी उत्तरं मात्र बदलत गेली. या वेळी फोन आला तेव्हा मी एका लग्नाच्या कार्यालयात, म्हणजे इथल्या भाषेत कल्याण मंडपात, गुडघ्यापर्यंत पँट दुमडून उभा होतो. पहाटेचे पाच वाजले होते. स्टेजवर जिथं नवरा-नवरी बसतात तिथं साठ-सत्तर मुली ओल्या गणवेशात झोपल्या होत्या, खाली हॉलमध्ये साडेतीनशेच्या वर मुलं. बाहेर पाऊस असा पडत होता, की जणू आषाढ आहे.

"थंडी नाही गं," म्हटलं, "इथं आत्ता पावसाळा सुरू झालाय."

"दिवाळीनंतर?" आई म्हणाली. मग जरा थांबून, "मग तुला कुणी सांगितलं नव्हतं का?"

सांगितलं होतं. तीच तर गोष्ट आहे.

नेहमीच्या वाचकांना माहीत आहे की मी मूळचा तोफखान्याचा माणूस, आणि सध्या तंजावरला एनसीसीत आहे. तोफखान्यातल्या माणसाला हवामान हा शिळोप्याच्या गप्पांचा विषय नसतो. देवळालीला आम्हाला पहिल्या धड्यांतच शिकवलं गेलं की थंड हवा जड असते, तिच्यातून जाणारा गोळा अलीकडे पडतो. दारूगोळा थंड असेल तर तोही जोर कमी लावतो. वारा कुठल्या उंचीवर कुठून कुठे, हे न कळता मारलेला गोळा आपल्याच माणसांवर पडू शकतो. त्यामुळे देशाच्या कुठल्या भागात हिवाळा कसा येतो, याचा मला जरा जास्तच नाद आहे. काश्मीरमध्ये नोव्हेंबरात चिनारची पानं गळतात, बायका ती गोळा करून जाळतात आणि तो कोळसा कांगडीसाठी साठवतात. भाज्या उन्हात वाळवून ठेवतात, कारण २१ डिसेंबरला चाळीस दिवसांची चिल्लई कलान बसणार असते. राजस्थानात दिवसा शर्टात घाम आणि रात्री रजईत कुडकुड. पंजाबात डिसेंबर लागला की धुक्यात स्वतःचाच हात दिसत नाही. तवांगला आकाश इतकं स्वच्छ, की डोंगर हातानं पुसल्यासारखे. आणि नाशिक-देवळालीची ती गुलाबी थंडी, जिच्यावर द्राक्षबागायतदार सोडून सगळे खूश असतात.

एवढं सगळं अंगावर काढलेला मी. तरी ऑगस्टमध्ये वार्षिक कॅम्पची तारीख ठरवताना बोट ठेवलं नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यावर. दिवाळी झालेली, पाऊस संपलेला, हवा कोरडी, मैदान टणक. डोक्यात हिशेब खडकवासल्याचा होता. सुभेदारसाब इथलेच, कुंभकोणमकडचे. कॅलेंडरकडे बघून एवढंच म्हणाले, "ऐप्पसी, सार."

ऐप्पसी म्हणजे तमिळ महिना, साधारण मध्य ऑक्टोबर ते मध्य नोव्हेंबर. मी मान डोलावली आणि सही केली.

कॅम्पच्या तिसऱ्या रात्री मैदानाशेजारचा पाटाचा बांध फुटला. हवामान खात्याचा इशारा आला होता, मी तो किनाऱ्यापुरता आहे असं समजलो. रात्री दोनला तंबूत पाणी घोट्यापर्यंत आणि तीनला पोटरीपर्यंत. मुलांना रांगेनं, एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून, अर्ध्या मैलावरच्या मंडपात हलवलं. सगळे पोहोचले आणि हजेरी घेतली तेव्हा एक कमी.

पुन्हा मोजलं. एकच कमी.

त्या वीस मिनिटांबद्दल फारसं लिहीत नाही. ज्यांनी माणसांची जबाबदारी घेतली आहे त्यांना ती वीस मिनिटं माहीत आहेत. हातात टॉर्च घेऊन मी आणि सुभेदारसाब परत मैदानात गेलो. पोरगा सापडला कोठीच्या तंबूत. दहावीतला, पट्टुकोट्टैकडचा. टेबलांवर टेबलं चढवून त्यावर तांदळाची पोती एकट्यानं ढकलत होता. त्याला ओरडायला मी तोंड उघडलं, तर तो म्हणाला, "अरिसी, सार." अरिसी म्हणजे तांदूळ. परत येताना सुभेदारसाबांनी त्याच्याकडून काढून घेतलं. १६ नोव्हेंबर २०१८ च्या पहाटे गजा चक्रीवादळ नागपट्टणम आणि वेदारण्यमच्या मध्ये किनाऱ्यावर चढलं, तेव्हा हा चौथीत होता. घराचं छप्पर गेलं, बापाची नारळाची बाग आडवी झाली, पण त्याला आठवत होतं ते एकच: घरातला तांदूळ भिजला आणि मग पुढचे कितीतरी दिवस दुसऱ्यांच्या दारात उभं राहावं लागलं.

तर, मंडपात त्या पहाटे फोन ठेवल्यावर मी विचार करू लागलो, की ही चूक फक्त माझी का? साडेतीनशे वर्षांपूर्वी इथं माझ्यासारखेच लोक घाटमाथ्यावरून आले होते. त्यांच्याही डोक्यात तेच पंचांग होतं. त्यांचं काय झालं?

मराठी फौजेचं वर्ष आपल्या पावसानं बांधलेलं होतं. ज्येष्ठात पाऊस लागला की मोहीम थांबायची, फौजा मुक्कामाला जायच्या. त्या मुक्कामालाच छावणी म्हणत. आज आपण छावणी म्हणजे कॅंटोन्मेंट समजतो, पण जुन्या कागदांत "छावणी केली" याचा अर्थ पावसाळा काढला. दसऱ्याला सीमोल्लंघन. नद्या उतरलेल्या, वाटा वाळलेल्या, खरिपाचं पीक हाताशी, घोड्यांना वैरण. दसरा हा देवाधर्माचा दिवस आहेच, पण तो सैन्याच्या दृष्टीनं हवामानाचा दिवस होता. हवामान खातं नसलेल्या काळातला अत्यंत भरवशाचा अंदाज.

आता हेच पंचांग घेऊन कावेरीच्या काठी या. आपला नैर्ऋत्य मोसमी पाऊस सह्याद्री अडवतो, आणि तंजावर त्याच्या पलीकडे सावलीत पडतं. जून ते सप्टेंबर इथं पाऊस पडतो, नाही असं नाही, पण तो वळवासारखा, संध्याकाळी येऊन जाणारा. खरा पाऊस साधारण २० ऑक्टोबरच्या आसपास लागतो. सूर्य दक्षिणेला सरकला की वारे उलटतात, ईशान्येकडून वाहू लागतात. हाच वारा जमिनीवरून आला की पुण्या-साताऱ्यात कोरडी थंडी आणतो, आणि बंगालच्या उपसागरावरून आला की पाणी पिऊन येतो आणि तमिळ किनाऱ्यावर ओततो. तमिळनाडूच्या वर्षभराच्या पावसापैकी जवळजवळ निम्मा, सरासरी ४४ सेंटिमीटरच्या आसपास, ऑक्टोबर ते डिसेंबर या तीन महिन्यांत पडतो. त्यातच वादळं. ऐप्पसीतल्या न थांबणाऱ्या पावसाला इथं अडैमळै म्हणतात. आपली झड म्हणा, पण आपली झड चार दिवसांत कंटाळते, ही कंटाळत नाही.

म्हणजे आपल्या दसऱ्याला इथं छावणी सुरू होते. सीमोल्लंघनाचं सोनं लुटायचं आणि छत्री उघडायची.

एक गुंता आणखी आहे. कावेरीचं पाणी मात्र आपल्याच पावसाचं. ती उगवते कोडगूत, सह्याद्रीत, त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये, इथं डोक्यावर ऊन असताना, नदी दुथडी भरून येते. आडी महिन्याच्या अठराव्या दिवशी, म्हणजे ऑगस्टच्या सुरुवातीला, बायका नदीवर जाऊन या चढत्या पाण्याची पूजा करतात. आभाळ कोरडं आणि नदी भरलेली, मग तीन महिन्यांनी आभाळही फाटलेलं. परक्या सेनापतीला या मुलखात कोरडी जमीन हवी असेल तर तिनं जानेवारी ते मे एवढंच दार उघडं ठेवलं आहे.

आता १६७७. शिवाजी महाराजांची दक्षिणेची मोहीम. वर्षाच्या सुरुवातीला निघून महाराज भागानगरला कुतुबशहाला भेटले, श्रीशैलमवरून खाली उतरले, मे महिन्यात जिंजी घेतली, वेलोरला वेढा घातला, आणि जूनच्या शेवटी-जुलैच्या सुरुवातीला शेरखान लोदीचा मोड केला. जुलैत मुक्काम पडला तिरुमळवाडीला, कोळ्ळिडमच्या उत्तर काठावर. कोळ्ळिडम हा कावेरीचाच उत्तरेकडचा मोठा फाटा. तंजावर दक्षिणेला, नदीपलीकडे. तिथं सावत्र भाऊ व्यंकोजीराजे. विजापूरकरांच्या हुकमानं नायकांच्या मदतीला आले आणि १६७५-७६ च्या सुमारास स्वतःच तंजावरचे धनी होऊन बसले.

मी ती जागा पाहून आलो. तंजावरहून गाडीनं तासाभरात. जुलैतच गेलो होतो मुद्दाम. काठावर उभं राहिलं की आधी पात्राची रुंदी अंगावर येते. आज वर मेट्टूरचं धरण आहे, १९३४ चं. त्याआधी मुक्कोम्बूला कॉटनसाहेबानं १८३६ मध्ये बांधलेला बंधारा आहे. कल्लणै तर चोळांच्या काळापासून. १६७७ मध्ये पहिले दोन नव्हते. कोडगूतला पाऊस जसा पडेल तसा इथं येऊन आदळणार. शहाजीराजांच्या दौलतीतला अर्धा वाटा महाराज मागत होते. व्यंकोजी भेटीला आले, काही दिवस राहिले, बोलणी जमेनात, आणि एका रात्री कुणाला न सांगता नदी ओलांडून तंजावरला निघून गेले. आपण काय त्याला कैद करणार होतो, असा महाराजांचा विषाद बखरकारानं नोंदवला आहे. आपल्याकडे ही गोष्ट नेहमी भावाभावांतला रुसवा म्हणून सांगतात. मी काठावर उभा राहून वेगळंच पाहत होतो. व्यंकोजींना ही नदी माहीत होती. भरल्या कोळ्ळिडमच्या दक्षिणेला एकदा पोहोचलं की मधलं पाणीच तटबंदीचं काम करतं. महाराजांनी तिथून तंजावरवर चाल केली नाही. भावावर हत्यार चालवायचं नव्हतं हे खरंच, पण कुणी चाल करतो म्हटलं असतं तरी घोडदळाला ती नदी जुलैत सोपी गेली नसती.

कोळ्ळिडमच्या उत्तरेचा मुलुख महाराजांनी घेतला, व्यवस्था लावली, संताजी भोसल्यांना, म्हणजे शहाजीराजांच्याच आणखी एका मुलाला, कारभारावर ठेवलं आणि नोव्हेंबर लागता लागता कर्नाटकचा सखल भाग सोडून ते म्हैसूरच्या पठाराकडे चढले. त्यांना परत बोलावणारी कारणं मोठी होती, स्वराज्यापासून दूर राहून वर्ष होत आलं होतं. पण पावसाच्या नकाशावर बघितलं तर ते अगदी वेळेवर वर चढले. खाली अडैमळै लागली आणि त्यांच्या डोक्यावर दख्खनचं कोरडं आकाश.

मागे राहिलेल्यांनी काय केलं? नोव्हेंबर १६७७ च्या मध्यावर व्यंकोजींनी फौज जमवली आणि आपल्या गमावलेल्या मुलखासाठी संताजींवर चालून गेले. वालिकंडपुरमजवळ लढाई झाली. दिवसा व्यंकोजींची सरशी झाली, संताजींची फौज मागे हटली, आणि जिंकलेले लोक खोगिरं उतरवून निवांत झाले असताना रात्रीत संताजींनी उलटून छापा घातला. पारडं फिरलं. पुढे दोघांत तह झाला आणि कोळ्ळिडमच्या दक्षिणेचा मुलुख व्यंकोजींकडेच राहिला.

इतिहासाच्या पुस्तकात हा मजकूर एका परिच्छेदात संपतो. मला ती तारीख वाचून धक्का बसला. नोव्हेंबरचा मध्य! म्हणजे ऐप्पसी संपून कार्तिगै लागण्याचा काळ. तोड्याच्या बंदुकीची जळती वात पावसात पेटती ठेवायची कशी? भाताच्या खाचरात घोडा पोटापर्यंत रुततो, आणि इथं दोन खाचरांच्या मधल्या बांधाव्यतिरिक्त वाट नसते. अशा ठिकाणी तोफ घेऊन जाणाऱ्या माणसाला मी हात जोडीन. तरीही व्यंकोजी नदी ओलांडून गेले. का गेले? मला वाटतं, दसरा झाला होता म्हणून. पंचांग अजून घाटमाथ्याचंच होतं. गादीवर येऊन फार तर दोन पावसाळे झाले होते. खोगिरं उतरवून निवांत झालेल्या त्या घोडेस्वारांना आळशी म्हणायला सोपं आहे. दिवसभर चिखलात लढल्यावर भिजलेलं खोगीर घोड्याच्या पाठीवर ठेवलं तर घोड्याची पाठ फुटते. ते उतरवणं ही शिस्तच आहे. फक्त पहारा हवा होता.

पंधरा वर्षांनी मात्र चित्र पालटलेलं दिसतं. राजाराम महाराज जिंजीत, आणि झुल्फिकारखानाचा वेढा १६९० पासून पडलेला. मोगली फौजेत दलपतराव बुंदेल्याबरोबर भीमसेन सक्सेना नावाचा कारकून होता, त्यानं आठवणी लिहून ठेवल्या. १६९२ च्या पावसाचं त्याचं वर्णन वाचावं. सगळीकडे पाणीच पाणी, धान्य महागलेलं, खंदकात बसलेल्या लोकांचे हाल. जिंजीला रसद पुरवत होते तंजावरचे शहाजीराजे, व्यंकोजींचे चिरंजीव. आणि त्याच वर्षी डिसेंबरात, अडैमळैनं मोगलांची हाडं पुरती भिजवल्यावर, संताजी घोरपडे आणि धनाजी जाधव मोठं घोडदळ घेऊन कर्नाटकात उतरले. कांचीजवळ संताजींनी अलीमर्दानखानाला पकडलं. जानेवारी १६९३ मध्ये झुल्फिकारखानाला वेढा उठवावा लागला. (हे दुसरे संताजी, वरच्या संताजींशी घोटाळा नको.) माझ्या तोफखान्याच्या डोक्याला यात सरळ हिशेब दिसतो: शत्रूला छावणीच्या महिन्यांत उघड्यावर बसू द्यायचं, आणि जमीन वाळायला लागली की यायचं. रघूजी भोसल्यांनीही १७४० च्या डिसेंबरात तिरुचिरापल्लीला वेढा घातला आणि १७४१ च्या रामनवमीला ते घेतलं. दारातून आत यायचे महिने त्यांना बरोबर कळले होते.

पण आपल्या इतिहासात हिवाळ्याची आठवण म्हटली की पानिपत. १७६० चा दसरा भाऊसाहेबांच्या फौजेनं कुंजपुऱ्याला साजरा केला. तो किल्ला दोनच दिवसांपूर्वी घेतला होता, धान्य हाती लागलं होतं, सगळे आनंदात. यमुना भरलेली आहे, अब्दाली पलीकडे अडकलेला आहे. आणि त्याच आठवड्यात, ऑक्टोबर संपत आला असताना, अब्दालीनं बागपतजवळ नदी पार केली. दसऱ्याला नद्या उतरतात, हे आपल्याला जितकं ठाऊक तितकंच त्यालाही. मग नोव्हेंबरच्या सुरुवातीपासून १४ जानेवारीपर्यंत उघड्या माळावर, तुटलेली रसद, दख्खनचे कपडे आणि उत्तरेची थंडी. ती गोष्ट तुम्हाला मी काय सांगायची.

त्याच पंधरवड्यात देशाच्या दुसऱ्या टोकाला काय चाललं होतं, हे मात्र मला इथं येईपर्यंत माहीत नव्हतं. तंजावरपासून फार लांब नाही, पाँडिचेरीत. फ्रेंच सेनापती लाली आत, इंग्रजांचा वेढा बाहेर, समुद्रात इंग्रजी ताफा. इंग्रजांचा जुना नियम असा, की ऑक्टोबरच्या मध्याला ताफ्यानं हा किनारा सोडायचा. त्या वर्षी वेढ्यासाठी जहाजं थांबली. १ जानेवारी १७६१ ला वादळ झालं. अनेक जहाजं बुडाली किंवा किनाऱ्यावर फेकली गेली, हजारावर माणसं मेली, जमिनीवरच्या वेढ्यातही दारू भिजली, तंबू उडाले. लालीनं दुसऱ्याच दिवशी पुलिकतच्या फ्रेंच वकिलाला चिठ्ठी धाडली: इंग्रजांचा ताफा संपला, मिळतील त्या होड्यांतून तांदूळ पाठव. सैन्य नको, दारूगोळा नको. तांदूळ. पण उरलीसुरली इंग्रजी जहाजं आठवड्याभरात परत उभी राहिली, तांदूळ पोहोचला नाही, आणि जानेवारीच्या मध्यावर, पानिपतानंतर एक-दोन दिवसांतच, उपाशी पाँडिचेरी शरण आली. एकाच हिवाळ्यात, एकाच पंधरवड्यात, दोन टोकांना दोन उपाशी फौजा.

हे वाचलं तेव्हा मला कोठीच्या तंबूतला तो पोरगा आठवला. त्याला लालीचं नावही माहीत नाही.

तंजावरच्या भोसल्यांनी पुढे काय केलं, याचं उत्तर लढायांत सापडत नाही. ते इथलेच झाले. दीडशेहून जास्त वर्षं राहिले आणि या पावसाचे लोक झाले. इथलं मोठं पीक सांबा, भाताची लांब मुदतीची जात, ऑगस्टच्या सुमारास लावायची आणि जानेवारीत, पोंगलच्या वेळी कापायची. म्हणजे पीक पोटऱ्यात येतं ते या पावसात. पाऊस कमी पडला तर दाणा भरत नाही, जास्त पडला तर पीक झोपतं, आणि वादळ आलं तर विचारूच नका. घाटावर दसऱ्याला राजा मोकळा होतो. इथं दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंत राजाचा जीव शेतकऱ्याइतकाच टांगणीला.

१७९९ च्या तहानं सरफोजीराजांकडे तंजावरचा किल्ला आणि आसपासचा थोडा भाग एवढंच उरलं. सीमाच उरली नाही, तर सीमोल्लंघन कसलं? त्या राजानं पुढच्या तीस-बत्तीस वर्षांत ग्रंथ जमवले, दवाखाने काढले, रामेश्वरच्या वाटेवरची छत्रं सांभाळली. छत्र म्हणजे अन्नछत्र आणि धर्मशाळा एकत्र. ओरत्तनाडूला मुक्तांबाळ छत्र आजही उभं आहे, दगडी खांबांचं. ही छत्रं इंग्रजांनी काढून घेऊ नयेत म्हणून १८०१ मध्ये सरफोजींनी रेसिडेंटला एक पत्र लिहिलं. त्यात तिथली रीत सांगितली आहे: कुठल्याही जातीचा वाटसरू आला तरी शिजवलेलं अन्न मिळतं, आजारी पडला तर औषध मिळतं, आणि मध्यरात्री घंटा वाजवतात, अजून कुणी उपाशी राहिलं असेल तर त्यानं यावं म्हणून.

ही मध्यरात्रीची घंटा माझ्या डोक्यातून जात नाही. उत्तरेतून रामेश्वरला निघालेला यात्रेकरू, आपल्यासारखाच दसरा-दिवाळी उरकून, आता वाटा कोरड्या म्हणून बाहेर पडलेला, इथं येऊन कार्तिकात अडैमळैत सापडणार. अंधारात, चिखलात, कुठं आहे ते कळत नाही. अशा माणसाला घंटेचा आवाज दिव्यापेक्षा लांबून कळतो. ज्यांचे पणजोबा-खापरपणजोबा याच पावसात चुकीच्या महिन्यात लढायला निघाले होते, त्यांनी ती घंटा ठेवली होती.

बृहदीश्वराच्या देवळात नैर्ऋत्येकडच्या भिंतीवर भोसल्यांचा इतिहास मराठीत कोरलेला आहे. सरफोजींनीच कोरवून घेतला, १८०३ च्या डिसेंबरात पुरा झाला. मराठी पर्यटक त्याच्यासमोर फोटो काढतात आणि पुढे जातात, कारण वाचायला मान आणि वेळ दोन्ही लागतं. मी कॅम्प आटोपल्यावर एका रविवारी गेलो. पाऊस होताच. दालनाच्या छपराखाली उभं राहून तिरुमळवाडीची भेट कुठं येते ते शोधत होतो. शेजारी एक तमिळ कुटुंब पावसाची उघडीप बघत उभं होतं. त्यातल्या आजीनं मला विचारलं, ही कुठली भाषा? मी म्हटलं, माझी. तिनं भिंतीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पिशवीतून लिंबूभाताचा डबा काढून पुढे केला.

कॅम्पचं पुढं काय झालं ते राहिलंच. उरलेले सात दिवस आम्ही मंडपातच काढले. ड्रिल व्हरांड्यात, नकाशावाचन स्टेजवर, फायरिंग रद्द. तांदळाची अकरा पोती वाचली होती, त्यांच्यावरच साडेचारशे माणसं जेवली, कारण दोन दिवस ट्रक येऊ शकला नाही. समारोपाला बेस्ट कॅडेटचं पदक नियमाप्रमाणे गुणांवर दिलं गेलं, ते त्याला मिळालं नाही. मी माझ्या पहिल्या पोस्टिंगपासून वापरत असलेली टॉर्च त्याला दिली.

परवा पुढच्या वर्षीचा कार्यक्रम लावायला बसलो. ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर या तिन्ही महिन्यांवर मी आडवी रेघ मारली आणि कॅम्प टाकला जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात. मोठ्या रुबाबात कागद सुभेदारसाबांपुढे सरकवला. त्यांनी चष्मा लावला, वाचलं, आणि काही बोलले नाहीत.

"आता काय साब?"

"पोंगलनंतर, सार."

मी पाँडिचेरीचं वादळ त्यांना सांगितलं, तारखेसकट. ते म्हणाले, हो का. आणि पेन्सिलीनं तारीख पुढं सरकवून कागद माझ्याकडे सहीला दिला.